साइटवर दर काही महिन्यांनी 'सुरक्षित नाही' का येतं, आणि ते कायमचं कसं थांबवायचं

मार्च-एप्रिलमध्ये हापूसच्या पेट्यांचं बुकिंग सुरू झालं की ही तक्रार हमखास कानावर येते. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक उघडतं आणि आंब्यांऐवजी समोर लाल त्रिकोण दिसतो: 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही'. गिऱ्हाईक बागायतदाराला फोन करतं, बागायतदार साइट बनवून देणाऱ्याला करतो, तिकडे कोणीतरी पॅनेलमध्ये जाऊन काहीतरी दाबतं आणि तासाभरात साइट उघडते. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. होमस्टे चालवणारे, मसाले-लोणची विकणारे बचत गट, क्लासेस, छोटे प्रकाशक या सगळ्यांच्या साइटवर हे होतं. पुष्कळदा त्याच साइटचं दुसरं दुखणंही चालू असतं: गूगलवर आपलं नाव शोधलं की शीर्षकात जपानी अक्षरं दिसतात, साफ केली की महिन्याभरात परत उगवतात.

दर वेळी फक्त सूचना घालवली जाते. ती कशामुळे आली हे कोणी पाहत नाही, म्हणून ती परत येते. ज्या गिऱ्हाइकाने ती सूचना पाहिली ते तुम्हाला कळवेलच असंही नाही. बहुतेक जण मुकाट्याने मागे जातात आणि पुढच्या दुकानात खरेदी करतात. तेव्हा हे एकदाच, मुळापासून करायला हवं.

आधी सूचना नीट वाचा

'साइटवर एरर येतोय' एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. गिऱ्हाइकाकडून स्क्रीनशॉट मागवा. त्यात पत्त्याची पट्टी, वेळ आणि खालचा बारीक अक्षरातला कोड दिसला पाहिजे. एकसारख्या वाटणाऱ्या या सूचना वेगवेगळ्या बिघाडांच्या असतात.

पट्टीत नुसतं 'नॉट सिक्युअर' लिहिलेलं असेल आणि पान मात्र उघडत असेल, तर ते पान सुरक्षित एचटीटीपीएसऐवजी साध्या एचटीटीपीवरून येतंय. क्रोमने जुलै २०१८ पासून अशा प्रत्येक पानावर ही पाटी लावायला सुरुवात केली. पूर्ण पान अडवून 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं येत असेल, तर बिघाड सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे पत्ता खरा आणि वाट सुरक्षित असल्याच्या दाखल्यात, आहे. तिथे खालचा कोड सगळं सांगतो. कोडात 'डेट इनव्हॅलिड' असेल तर मुदत संपली आहे, किंवा पाहणाऱ्याच्या फोनचं घड्याळ चुकलं आहे. 'कॉमन नेम इनव्हॅलिड' असेल तर सर्टिफिकेट दुसऱ्याच नावाचं आहे. नेहमीचं कारण म्हणजे ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या पत्त्यापुरतं काढलेलं असतं आणि छापील कार्डावर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट पत्ता असतो. 'ऑथॉरिटी इनव्हॅलिड' असेल तर सर्टिफिकेटपासून ते देणाऱ्या संस्थेपर्यंतची साखळी अपुरी आहे किंवा ते मान्यताप्राप्त संस्थेचं नाही.

संपूर्ण लालभडक पान आणि त्यावर 'डेंजरस साइट' असेल, तर त्याचा सर्टिफिकेटशी संबंध नाही. गूगलच्या सेफ ब्राउझिंग या धोकादायक साइट ओळखणाऱ्या सेवेने तुमची साइट धोकादायक यादीत टाकली आहे. ही यादी क्रोमशिवाय फायरफॉक्स आणि सफारीही वापरतात, म्हणून 'दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून बघा' असं गिऱ्हाइकाला सांगण्यात अर्थ नाही. तसा सल्ला तर कधीच देऊ नये. 'अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जा' हाही नाही. पैसे भरण्याच्या पानावर धोक्याची सूचना ओलांडायची सवय आपण गिऱ्हाइकाला लावली, तर उद्या तेच गिऱ्हाईक खऱ्या ठगाच्या पानावरही ती ओलांडेल.

मुदत दर वेळी संपतेच कशी

लहान साइटवर बहुधा लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट असतं. त्याची मुदत ९० दिवसांची. ते आपोआप नवं व्हावं अशीच त्याची योजना आहे, आणि साधारण ३० दिवस शिल्लक असताना सर्व्हर नव्याची मागणी करू लागतो. म्हणजे सर्व्हरकडे महिनाभर असतो. तरीही मुदत संपून लाल त्रिकोण आला, तर त्या महिन्यातला प्रत्येक प्रयत्न फसला आहे. मग कोणीतरी हाताने बटण दाबून तात्पुरता मार्ग काढतं आणि पुढच्या ९० दिवसांचा काटा पुन्हा सुरू होतो.

आजच एक तपासणी करा. कॉम्प्युटरवर साइट उघडा, पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट पाहा. ९० दिवसांचं सर्टिफिकेट असून १५ पेक्षा कमी दिवस उरले असतील, तर आपोआप होणारं नूतनीकरण अडलं आहे असं धरून चाला. गिऱ्हाइकाच्या आधी तुम्हाला कळलं एवढं तरी झालं. पूर्वी लेट्स एन्क्रिप्ट मुदत संपत आल्याची ईमेल पाठवायचं. जून २०२५ पासून त्यांनी ती बंद केली. 'काही झालं तर मेल येईलच' या भरवशावर बसलेल्या कित्येक साइट्सना आता कोणीच सांगत नाही.

अडतं कुठे, हे समजायला ही पडताळणी कशी होते ते माहीत हवं. डोमेन खरंच तुमचं आहे का हे पाहण्यासाठी लेट्स एन्क्रिप्टचे सर्व्हर पोर्ट ८० वरून, म्हणजे साध्या एचटीटीपीच्या वाटेने, तुमच्या साइटवर येतात आणि 'डॉट वेल-नोन' नावाच्या फोल्डरातली एक छोटी फाइल वाचतात. ती वाचता आली की सर्टिफिकेट मिळतं. वाचता आली नाही तर नाही. त्यामुळे या फाइलच्या वाटेत काय आडवं येतंय एवढंच शोधायचं असतं.

सर्वांत जास्त सापडणारं कारण जुनी डीएनएस नोंद. डीएनएस म्हणजे डोमेनचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं त्याची यादी. साइट एका होस्टिंगवरून दुसरीकडे हलवताना 'ए' नोंद बदलली जाते आणि 'एएएए' ही नव्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्याची (आयपीव्ही६) नोंद तशीच जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहते. तुमच्या घरच्या इंटरनेटवरून साइट व्यवस्थित दिसते, कारण ब्राउझर जो पत्ता चालेल तो वापरतो. लेट्स एन्क्रिप्ट मात्र आयपीव्ही६ असेल तर आधी तिकडे जातं, तिथे ती फाइल नसते, आणि मागणी नामंजूर होते. नवं होस्टिंग आयपीव्ही६ देत नसेल तर ती नोंद सरळ काढून टाका.

दुसरं कारण चांगल्या हेतूने केलेलं असतं. 'आपली गिऱ्हाइकं भारतातलीच आहेत, मग बाहेरचे हल्ले कशाला' म्हणून सुरक्षा प्लगइनमध्ये परदेशी ट्रॅफिक बंद केलेलं असतं. लेट्स एन्क्रिप्ट २०२० पासून एकाच वेळी जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळणी करतं, आणि बाहेरची दारं बंद असली की ती फसते. देशांवर बंदी घालायचीच असेल तर 'डॉट वेल-नोन' हा मार्ग त्यातून वगळा. शिवाय दुबई, न्यू जर्सी, लंडनहून आईवडिलांना आंब्याची पेटी पाठवणारी मराठी मंडळी याच बंदीत अडकतात, याचाही विचार करा. हंगामातलं हे गिऱ्हाईक लहान नसतं.

तिसरं, साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर (पाहणारा आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे उभी राहणारी सेवा) असेल तर नीट लक्ष द्यावं लागतं. पाहणाऱ्याला दिसतं ते क्लाउडफ्लेअरचं सर्टिफिकेट. मूळ सर्व्हरवरचं संपलं तरी बाहेरून पत्ता लागत नाही, आणि सेटिंग 'फुल स्ट्रिक्ट' असेल तर अचानक ५२६ क्रमांकाचा एरर येतो. तेव्हा घाईत 'फ्लेक्सिबल'वर नेण्याचा मोह होतो. तसं करू नका. एररही जातो आणि सुरक्षाही जाते, कारण क्लाउडफ्लेअरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंतची वाट उघडी पडते, आणि गिऱ्हाइकाने भरलेला पत्ता व फोन त्या वाटेने साधाच जातो. साइट ज्यावर बांधलेली असते त्या वर्डप्रेसमध्ये एचटीटीपीएसची सक्ती असेल तर पान स्वतःकडेच वळत राहून उघडतच नाही, तो त्रास वेगळाच. मूळ सर्व्हरवर क्लाउडफ्लेअरचं ओरिजिन सर्टिफिकेट बसवणं हा यावरचा नीट उपाय आहे.

कधी कधी सर्टिफिकेट नवं मिळालेलं असतं, फाइलही जागेवर असते, आणि तरी साइट जुनंच दाखवते. वेब सर्व्हरने नवी फाइल वाचलेलीच नसते. स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) असेल तर सर्टबॉट या सर्टिफिकेट आणणाऱ्या प्रोग्रामने नूतनीकरण केल्यावर एनजिनएक्स किंवा अपाचे हा वेब सर्व्हर रीलोड करणारी आज्ञा (हुक) जोडलेली आहे का ते पाहा. 'सर्व्हर रीस्टार्ट केला की ठीक होतं' असं कोणी म्हणालं की आधी इथेच बघावं.

एक गोष्ट टाळा. काम होत नाही म्हणून 'इश्यू' बटण पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. त्याच नावांच्या संचासाठी ७ दिवसांत ५ पेक्षा जास्त सर्टिफिकेटं मिळत नाहीत, आणि फसलेल्या प्रयत्नांवरही ताशी मर्यादा आहे. हंगामाच्या ऐन मध्यावर त्या मर्यादेत अडकलात तर वाट पाहण्यावाचून इलाज नसतो. सर्टबॉटमध्ये 'ड्राय रन' नावाची चाचणी आहे, ती मर्यादेत मोजली जात नाही. दुरुस्ती झाली का हे तिच्यावरूनच ठरवा.

'मग विकतचं वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन टाकतो' हा मार्ग आता बंद होत चालला आहे. ब्राउझर आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं, त्यानुसार जास्तीत जास्त मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. फुकट असो की विकत, हाताने नवं करणारा माणूस या वेगाला पुरणार नाही. आपोआप नूतनीकरण आजच दुरुस्त करून ठेवणं म्हणून गरजेचं आहे. त्याच्या जोडीला मुदतीवर बाहेरून लक्ष ठेवणारी एखादी फुकट सेवा लावा आणि तिचा इशारा डेव्हलपरबरोबर तुमच्याही फोनवर येईल असं करा.

सर्टिफिकेट ठीक, तरी काही पानांवर कुरबुर

यावर थोडक्यात. काही पानांवरच सूचना येत असेल तर जुन्या पोस्टमध्ये चित्रांचे पत्ते एचटीटीपीने सुरू होणारे राहिले आहेत. वर्डप्रेस ५.७ पासून 'साइट हेल्थ'मध्ये एका क्लिकवर पत्ते एचटीटीपीएसवर नेता येतात, आधी तेच वापरा. डेटाबेसमध्ये थेट शोधा-बदला करायचं झालं तर साध्या एसक्यूएलने करू नका. विजेट आणि पेज बिल्डरची माहिती अक्षरसंख्येसकट साठवलेली असते, ती मोडते. त्यासाठी असलेलं प्लगइन किंवा डब्ल्यूपी-सीएलआय हे आज्ञा लिहून चालवायचं वर्डप्रेसचं साधन वापरा, आणि आधी बॅकअप घ्या.

कॉम्प्युटरवर ठीक आणि काही फोनवरच एरर, असं असेल तर मधलं इंटरमीडिएट सर्टिफिकेट सर्व्हरवर बसवलेलं नाही. कॉम्प्युटरवरचा ब्राउझर पुष्कळदा ते स्वतः मिळवतो, फोनवर तसं होईलच असं नाही. 'माझ्याकडे तर चालतंय' यावर म्हणूनच विसंबू नये. पूर्ण साखळी असलेली फाइल बसवा.

हॅक साफ केला, पुन्हा आला

हे जास्त चिवट दुखणं आहे, आणि विश्वासाचं नुकसानही इथे जास्त. गूगलवर 'साइट' हा शब्द, पुढे विसर्गचिन्हासारखा कोलन आणि लगेच तुमचं डोमेन असं शोधा. तुम्ही कधीच न लिहिलेली शेकडो पानं, जपानी शीर्षकं, ब्रँडेड बुटांच्या किंवा जुगाराच्या जाहिराती दिसल्या तर साइट हॅक झालेली आहे. तुम्ही स्वतः साइट उघडता तेव्हा यातलं काही दिसत नाही. घुसखोराचा कोड पाहुणा कोण आहे ते तपासतो आणि गूगलच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) एक, मालकाला दुसरं पान देतो. काही वेळा फक्त गूगलवरून फोनने आलेल्यालाच दुसरीकडे ढकलतो. मालक म्हणतो साइट ठीक आहे, गिऱ्हाईक म्हणतं जुगाराचं पान उघडलं, आणि दोघंही खरंच बोलत असतात. सर्च कन्सोल या, साइट गूगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या सेवेतल्या यूआरएल तपासणीत 'लाइव्ह टेस्ट' चालवा, बॉटला नेमकं काय दिसतं ते तिथे कळतं.

परत का येतो? माझ्या पाहण्यात पुन्हा पुन्हा येणारी कारणं अशी.

एकाच होस्टिंग खात्यात अनेक साइट्स असतात. चालू साइट घासूनपुसून साफ केली जाते, आणि शेजारच्या फोल्डरात 'डेमो', 'ओल्ड', 'टेस्ट' नावाची कधीचीच विसरलेली वर्डप्रेस पडलेली असते. घुसखोर तिथून पुन्हा चालू साइटमध्ये येतो. गोठ्यात एका जनावराला खुरकुत झाली की सगळ्यांकडे बघावं लागतं, तसं एका खात्यातल्या सगळ्या साइट्स एकदम पाहाव्या लागतात. ज्या वापरात नाहीत त्या बॅकअप घेऊन काढून टाका.

फुकट मिळालेली 'नल्ड' थीम किंवा प्लगइन हे दुसरं. विकतची थीम कोणीतरी फुकट वाटतो तेव्हा त्यात बहुधा मागचं दार बसवलेलं असतं. साइट बनवून देणाऱ्याने काही हजार वाचवले आणि मालकाला ते माहीतच नसतं. थीमची खरेदी कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

तिसरं कारण बॅकअप. हॅक कळायच्या कितीतरी आधी झालेला असतो, आणि मागच्या आठवड्याचा बॅकअप चढवला की त्याच्याबरोबर ते मागचं दारही परत येतं.

चौथं कोणाच्या लक्षात येत नाही. या जपानी अक्षरांच्या हॅकमध्ये घुसखोर स्वतःला सर्च कन्सोलमध्ये मालक म्हणून जोडून घेतो, म्हणजे त्याला साइटमॅप (गूगलला द्यायची पानांची यादी) चढवता येतो. सर्च कन्सोलमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडा. अनोळखी ईमेल दिसला तर नुसता तो काढून भागत नाही. त्याने मालकी सिद्ध करायला ठेवलेली एचटीएमएल फाइल किंवा टॅगही काढावा लागतो, नाहीतर तो पुन्हा मालक होतो. फाइल सापडत नसेल तर 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस'मध्ये पाहा, कधी ती तिथूनच तयार होते.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी साइट देखभालीच्या पाटीवर ठेवा आणि आहे तशी एक प्रत काढून बाजूला ठेवा, पुढे पुरावा म्हणून लागते. मग वर्डप्रेसची मूळ फाइल न् फाइल नवी चढवा, प्लगइन आणि थीम मूळ ठिकाणाहून उतरवून नव्या बसवा. 'अपलोड्स' फोल्डरात चित्रं असायला हवीत, पीएचपी फाइल दिसली तर ती संशयास्पद. 'एमयू-प्लगइन्स' फोल्डर नक्की उघडा. त्यातली प्लगइन आपोआप चालू असतात आणि नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. डेटाबेसमध्ये अनोळखी अ‍ॅडमिन, होस्टिंग पॅनेलमध्ये अनोळखी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) आणि एफटीपी (फाइल चढवायची) खाती तपासा. हे सगळं झाल्यावर होस्टिंग, एफटीपी, डेटाबेस, अ‍ॅडमिन आणि ज्या ईमेलवर पासवर्ड रीसेट येतो त्या ईमेलचेही पासवर्ड बदला. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट्स (लॉगिन जपणाऱ्या गुप्त ओळी) बदलल्या की आधीचं प्रत्येक लॉगिन तुटतं, घुसखोराचंसुद्धा. शेवटी ज्या कॉम्प्युटरवरून लॉगिन होतं तो तपासा. पासवर्ड तिथूनच चोरीला जात असतील तर वरची सगळी मेहनत वाया जाते.

गूगलमधली कचरापानं काढायची घाई करताना दोन चुका सर्रास होतात. ती पानं मुख्यपानावर वळवली जातात, किंवा बॉटने कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या रोबॉट्स फाइलमध्ये त्यांना बंदी घातली जाते. दोन्हीने ती लवकर जात नाहीत. बंदी घातली तर पान नाहीसं झालं हे बॉटला कळणारच कसं? ती पानं ४०४ किंवा ४१० (म्हणजे 'पान नाही' असं उत्तर) देऊ द्या आणि खरा साइटमॅप पुन्हा सादर करा. सर्च कन्सोलच्या 'रिमूव्हल्स'मधून काढलेलं पान साधारण सहा महिनेच लपतं, मूळ दुरुस्तीची जागा ते घेऊ शकत नाही.

'सिक्युरिटी इश्यूज'मध्ये नोंद असेल तर सगळं साफ झाल्यावरच रिव्ह्यू मागा, आणि काय सापडलं, काय काढलं, दार कसं बंद केलं हे तीन-चार वाक्यांत स्पष्ट लिहा. मालवेअरचा निर्णय काही दिवसांत येतो, हॅक केलेल्या स्पॅम पानांना काही आठवडे लागू शकतात. त्या काळात उतावीळपणे पुन्हा पुन्हा अर्ज करू नका.

चाव्या कोणाकडे आहेत

वरचे सगळे उपाय एका ठिकाणी येऊन थांबतात: मालकाकडे लॉगिनच नसतं. डोमेन साइट बनवणाऱ्याच्या खात्यात, होस्टिंग त्याच्या रीसेलर पॅनेलमध्ये, सर्च कन्सोल त्याच्या जीमेलवर. तो चांगला माणूस असेलही. पण तो पुण्याला नोकरीला लागला, नंबर बदलला, की साइट पोरकी होते. बिघाड परत परत येण्याचं हे मूळ मला सगळ्यांत मोठं वाटतं, आणि गंमत म्हणून सोडून देण्यासारखं ते अजिबात नाही.

डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्याच खात्यात असलं पाहिजे. नोंदणीचा ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, कारण डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद आणि ते सोडवायचा ओटीपी येणार कुठे? सर्च कन्सोलमध्ये 'डोमेन प्रॉपर्टी' म्हणून डीएनएसच्या टीएक्सटी नोंदीने मालकी सिद्ध करा, म्हणजे साइट बदलली तरी ती टिकते. डेव्हलपरला वेगळं खातं द्या, काम संपलं की काढता येईल असं. सगळीकडे दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. डोमेनचं नूतनीकरण शक्य असेल तर एकदम काही वर्षांचं करा. सुटलेली जुनी डोमेनं टपून बसलेले लोक विकत घेतात, त्यांवर जुगाराची पानं चढवतात, आणि तुमच्या जुन्या पावत्यांवर, पिशव्यांवर, दुकानाच्या फलकावर मात्र तोच पत्ता राहतो.

लॉगिन मागितलं की नाराज होणारे भेटतात. शांतपणे, लेखी मागा. पैसे तुम्ही भरता.

सगळं ठीक आहे, तरी लोक विचारतात 'खरी साइट आहे ना?'

विचारणारच. सर्टिफिकेट एवढंच सांगतं की मधल्या वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय याबद्दल ते काही सांगत नाही, आणि ठगांच्या साइटवरही ते असतंच. म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पत्त्याच्या पट्टीतून कुलपाचं चिन्ह काढून टाकलं. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने केदारनाथचं हेलिकॉप्टर, यात्रेकरूंसाठीची निवासस्थानं अशा बुकिंगच्या बनावट साइट्सबद्दल जाहीर इशारा दिला होता. आगाऊ पैसे मागणाऱ्या प्रत्येक लहान होमस्टेकडे लोक आता त्याच नजरेने बघतात, आणि ते बरोबरच आहे.

मग दाखवायचं काय? ऑनलाइन विक्री करत असाल तर ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे कायदेशीर नाव, मुख्य पत्ता, ग्राहक सेवेचा व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क साइटवर द्यावाच लागतो. तक्रार ४८ तासांत पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात सोडवायची. घरगुती व्यवसायात तो अधिकारी म्हणजे तुम्हीच, तर तसं नावानिशी लिहा. खाण्याचे पदार्थ असतील तर एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, जीएसटी असेल तर १५ अक्षरांचा क्रमांक, तोही चित्रात न ठेवता कॉपी करता येईल असा. चोखंदळ गिऱ्हाईक तो सरकारी पोर्टलवर टाकून बघतं. तिथलं नाव आणि साइटवरचं नाव वेगळं असेल तर 'अमुक हा तमुक यांचा व्यवसाय' असं एक वाक्य लिहा.

यूपीआयचं नाव तर सर्वांत आधी सांगा. साइटवर 'अमुक आंबेवाले', आणि क्यूआर स्कॅन केल्यावर फोनवर कोणा बाईंचं नाव. गिऱ्हाईक तिथेच थांबतं. खातं घरातल्या कोणाचं असेल तर पैसे भरायच्या आधीच 'पैसे भरताना हे नाव दिसेल' असं ठळक लिहा. शक्य असेल तर व्यवसायाच्या नावाने चालू खातं उघडा. एवढ्या एका ओळीने 'खरं आहे ना' विचारणारे फोन कमी होताना मी पाहिले आहेत.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तुम्ही त्यात अधिकृत वापरकर्ते असाल तर नोंदणी क्रमांक द्या. नसाल तर मानांकनाचं बोधचिन्ह वापरू नका. बाग कुठल्या गावात आहे, फळ गवतात पिकवता की रायपनिंग चेंबरमध्ये, पेटीत फळ खराब निघालं तर किती दिवसांत फोटो पाठवायचा, हे स्वतःच्या शब्दांत लिहा आणि स्वतःच्या बागेचे फोटो लावा. गूगलच्या गुणवत्ता तपासनिसांच्या मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ मध्ये 'प्रत्यक्ष अनुभव' हा निकष जोडला गेला आणि विश्वास सगळ्यांच्या केंद्रस्थानी ठेवला गेला. ते तपासनीस एखाद्या साइटचा क्रमांक थेट बदलत नाहीत, पण गूगलला कशाची किंमत आहे ते त्यातून दिसतं. कोणाच्याही साइटवर चालेल असा 'आम्ही गुणवत्तेला प्राधान्य देतो' छाप मजकूर त्या कसोटीला उतरत नाही, आणि आंबा ओळखणाऱ्या माणसालाही तो पटत नाही. पत्ता, नाव आणि फोन साइटवर व गूगल मॅप्सवर अक्षरशः एकच ठेवा.

खोटे अभिप्राय लावू नका. स्वतःच्या साइटवर स्वतःच दिलेले तारे गूगल सप्टेंबर २०१९ पासून स्थानिक व्यवसायांसाठी शोधात दाखवतच नाही, तेव्हा त्या प्लगइनचा उपयोगही नाही. 'फक्त २ पेट्या शिल्लक' म्हणत पळणारं खोटं घड्याळ काढा. नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविरुद्धच्या) मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई स्पष्टपणे निषिद्ध आहे, आणि शेवटच्या टप्प्यावर वाढवलेला पॅकिंगचा खर्चही त्याच यादीत येतो. पेटीचा भाव घरपोच किती, ते पहिल्याच पानावर सांगा.

तुमच्याच नावाची, तुमचेच फोटो चोरून बनवलेली साइट सापडली, तर तिचा पत्ता, स्क्रीनशॉट आणि त्यावरचा यूपीआय आयडी आधी जपून ठेवा. सेफ ब्राउझिंगच्या फिशिंग तक्रारीच्या पानावर ती कळवा, तिच्या डोमेन रजिस्ट्रारच्या आणि होस्टिंगच्या 'अब्यूज' ईमेलवर लिहा. यूपीआय आयडी कोणत्या बँकेचा आहे ते कळलं तर तिलाही कळवा. कोणाचे पैसे गेले असतील तर त्या व्यक्तीला ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. आणि तुमच्या खऱ्या साइटच्या पहिल्या पानावर सगळ्यांत वर, आमचा पत्ता हाच, पैसे याच नावाने, दुसरी कोणतीही साइट आमची नाही, हे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लिहून तारखेसकट लावा.